गुंगीतली पिल्लं

"उठतच नाहीयेत," गोडेलीव म्हणाली आणि बुटांचं खोकं तिने तपासणीच्या टेबलावर ठेवलं.

खोक्यात एका लोकरी टोपीत मांजराची तीन पिल्लं एकमेकांवर पडली होती. त्यांचे डोळे उघडून फार दिवस झाले नव्हते, आणि आता ते पुन्हा मिटले होते. डॉक्टर आनेलोरेने एकाला उचललं. त्याची मान ओल्या फडक्यासारखी लोंबली.

गेंट शहरातल्या एका जुन्या शाळेच्या व्यायामशाळेत दर बुधवारी हा प्राण्यांचा दवाखाना भरायचा. ज्याला जमेल त्याने जमेल तेवढं द्यायचं. मागच्या बुधवारी गोडेलीव पहिल्यांदा आली होती. पिल्लं तिला कोळशाच्या खोलीत सापडली होती. त्यांची आई कालव्याकाठच्या रस्त्यावर गाडीखाली गेली होती. आनेलोरेने तेव्हा बारीक कंगव्याने पिसवा काढल्या, जंतांचं औषध पाजलं आणि बजावलं, "गाईचं दूध अजिबात नको, मादाम. हे पिल्लांचं दूध न्या. पाजून झालं की ओल्या कापसाने पोटाखाली पुसायचं, नाहीतर त्यांना शू होत नाही. आणि ऊब! गारठलेल्या पिल्लाला दूधही पचत नाही. आधी ऊब, मग दूध."

गोडेलीवने सगळं सांगितल्याबरहुकूम केलं होतं. खिडक्यांच्या फटी चिंध्यांनी बुजवल्या. खोकं शेगडीशेजारी ठेवलं. शेगडी विझू दिली नाही.

तिचा नवरा फिरमिन आपल्या खुर्चीतून बघत असायचा. "माझे एवढे लाड कधी केले नाहीस, पोरी."

"तू कधी एवढा गुणी होतास?"

त्यावर तो हसायचा. गेले कित्येक महिने त्या घरात चकार शब्द ऐकू आला नव्हता. थंडी पडली आणि तो बोलायला लागला. आधी एखाददुसरं वाक्य, आणि पिल्लं आल्यापासून तर दिवसभर. लग्नाआधी समुद्रकिनारी दोघं नाचली होती त्याबद्दल. तिने जाळलेल्या पहिल्या मटणाबद्दल. कधीकधी भिंतीमागून तो जुना बँडही वाजल्यासारखा व्हायचा, अगदी हळू. गोडेलीवचं डोकं ठणकत असायचं.

"तुझंही दुखतं का रे?"

"मला आता सवय झाली," तो म्हणायचा.

आणि आज सकाळी पिल्लं उठली नाहीत.

आनेलोरेने पिल्लाचा ओठ वर केला. पिसवांनी रक्त प्यायलेल्या पिल्लाच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडतात. या हिरड्या चेरीसारख्या लालबुंद होत्या. तिने दुसऱ्याच्या पाहिल्या, तिसऱ्याच्या पाहिल्या. मग तिने गोडेलीवच्या ओठांकडे पाहिलं.

"मादाम, तुमचं डोकं दुखतं?"

"वय झालं हो."

"मळमळतं?"

"थोडंसं. का?"

"घरात शेगडी कसली आहे?"

"कोळशाची. सासऱ्यांच्या वेळची."

आनेलोरेने दारं-खिडक्या सताड उघडल्या आणि प्राणवायूची नळी पिल्लांच्या तोंडाशी धरली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग एक पिल्लू शिंकलं, आणि भूक लागल्यासारखं बेंबीच्या देठापासून ओरडायला लागलं. गोडेलीव हसता हसता रडायला लागली.

"घरात आणखी कोणी आहे?" आनेलोरेचा आवाज बदलला होता.

"फिरमिन. माझा नवरा."

"त्यांना फोन करा. आहेत तसे बाहेर या म्हणावं!"

"तो फोन घेत नाही हो. शेगडीपाशी बसलेला असतो."

डॉक्टरने तोवर अग्निशमन दलाचा नंबर फिरवला होता.

दोघी गाडीने पोहोचल्या तेव्हा मुखवटे चढवलेली माणसं घरात शिरत होती. गोडेलीव खोकं छातीशी धरून फुटपाथवर उभी होती. "खुर्चीत असेल बघा तो!" ती ओरडली. "शेगडीच्या डाव्या हाताला!" आतून एकेक खिडकी धाडकन उघडत होती. फिरमिन असता तर गारव्याबद्दल कुरकुरला असता, असं तिच्या मनात आलं, आणि तिने तो विचार झटकून टाकला.

दलाचा प्रमुख मुखवटा काढत बाहेर आला. "धुराड्यात कावळ्यांनी घरटं केलंय. सगळा विषारी वायू घरातच कोंडलेला. पण आत कोणी नाही."

"असं कसं? वर बघा ना!"

"वर पाहिलं, बाई. तळघरही पाहिलं."

शेजारची वेर्ले हात पुसत बाहेर आली. "कोणाला शोधताय?"

"यांच्या मिस्टरांना," आनेलोरे म्हणाली.

वेर्लेने गोडेलीवकडे पाहिलं आणि तिचा दंड धरला. "अगं गोडेलीव, फिरमिनला आपण गेल्या वसंतातच नाही का पोचवून आलो?"

खोक्यात तिन्ही पिल्लं दुधासाठी कालवा करत होती.

"त्या वायूने भास होतात," आनेलोरे हलक्या आवाजात म्हणाली. "माणसं दिसतात, बोलतात. घाबरू नका, मादाम. आता नाही दिसणार."

घरटं काढायला माणूस सोमवारी येणार होता. तोवर शेगडीला हात लावायचा नाही, असं बजावून सगळे गेले. ते दिवस गोडेलीवने वेर्लेकडे काढले, आणि रविवारी पिल्लांना घेऊन ती घरी परतली. डोकं लख्ख झालं होतं. उघड्या खिडक्यांतून वारा येत होता. पिल्लं त्या खुर्चीवर चढायची, पडायची, पुन्हा चढायची.

"फिरमिन?" तिने एकदा हाक मारली.

मग ती बराच वेळ वाट पाहत उभी राहिली.

दुपारी तिने खोकं उचललं आणि वेर्लेचं दार वाजवलं. "इथे गारठतील गं ती. तुझ्याकडेच राहू देत. गाईचं दूध नको देऊस. आणि लसीच्या वेळी आठवणीने डॉक्टरकडे ने."

"आणि तू? तूही इथेच थांब की."

"छे, मला कुठली थंडी वाजते?"

घरी येऊन तिने सगळ्या खिडक्या लावल्या आणि शेगडी पेटवली.