हिरव्या जाळीतली पोरं

"परत लावा!" प्रशिक्षक वेंडल क्राउस ओरडला. "आणि या वेळी त्याला कुणी आडवं केलं नाही, तर अंधार पडेस्तोवर सगळे पळाल!"

चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे जाऊन पडला होता. सरावातला दुसरा टचडाउन. तोही एल्डरबी कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या बचावफळीविरुद्ध, जिने या मोसमातले पाचही सामने एकटीने ओढले होते. आणि तो केला होता राखीव पोरांनी.

दर बुधवारी हे सोंग असतं. राखीव पोरं अंगात हिरव्या जाळीची बंडी चढवतात आणि येत्या शनिवारचा शत्रू बनतात. या आठवड्याचा शत्रू केंडरी. क्राउसचा जुना मदतनीस, म्हातारा अर्ल पिकेट शत्रूचा एकेक डाव पुठ्ठ्याच्या कार्डावर काढून आणतो आणि उंच धरतो. पोरं तीन सेकंद बघतात आणि चित्रात आहे तसं पळतात. खरं तर त्यांचं काम मार खाण्याचं. पण आज ती मार खायला तयार नव्हती.

मैदानाच्या कडेला गेल हॅमंड उभी होती. कॉलेजचा सगळा खेळ तिच्या हाताखाली. तिच्या हातात एक कागद होता आणि कागदावर तीन नावं. पाच सामन्यांत एल्डरबीने जेमतेम दोन टचडाउन केले होते, गाव खवळलं होतं आणि कुणाच्या तरी डोक्यावर खापर फुटणं भाग होतं. पोरं वाईट की शिकवणारा वाईट, एवढाच प्रश्न होता. क्राउसने उत्तर देऊन टाकलं होतं.

"मी पळवू कुणाला, गेल?" तो सकाळी म्हणाला होता. "ते अकरा सामने जिंकले ना आपण, तेव्हा माझ्याकडे पोरं होती. आता मालच नाही."

तो मोसम एकोणीस वर्षांपूर्वीचा. त्याचा फोटो गावातल्या न्हाव्याकडे अजून आरशाच्या वर आहे.

यादीतलं पहिलं नाव ट्रेमेन बोवीचं. गेल्या शनिवारपर्यंत तो एल्डरबीचा चेंडू फेकणारा होता. शनिवारी त्याच्या मनगटाला क्राउसच्या डावांची पट्टी असायची, मुंगीएवढ्या अक्षरांत दोनशे दहा डाव. पोरगा ती वाचत असतानाच समोरचे अंगावर यायचे. रविवारी क्राउसने त्याला काढलं आणि जाळी दिली. आता गेलची सही झाली की शिष्यवृत्ती बंद. मग तो घरी परत, कोंबड्या कापायच्या कारखान्यात, आईच्या शेजारच्या सरकत्या पट्ट्यावर. ट्रेमेनला हे ठाऊक होतं. असल्या बातम्या कॉलेजात दुपारच्या जेवणाआधी पोचतात.

अर्लने पुढचं कार्ड वर धरलं. ट्रेमेनने पाहिलं. त्याने मान हलवली आणि जाग्यावर गेला.

चेंडू हातात आला. एक धिप्पाड गडी थेट त्याच्यावर धावून आला. माझ्यासारख्याने डोळेच मिटले असते. ट्रेमेन एक पाऊल मागे सरला आणि त्याने फेकलं. चाळीस यार्डांवर एक बुटका पोरगा मोकळा पळत होता. ते पोरगंही यादीत होतं, तिसरं. चेंडू त्याच्या हातात अलगद बसला.

तिसरा टचडाउन. जाळीवाली पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारू लागली. मग क्राउसचा चेहरा बघून गप्प झाली.

क्राउसने टोपी गवतावर आपटली. "बघितलंस?" तो गेलकडे वळला. "बघ, याला म्हणतात डाव! केंडरीवाल्याच्या खोपडीत काहीतरी आहे. दोघांना उजवीकडे ओढलं आणि मैदान मोकळं! असले डाव असतील तर माझी ही टाकाऊ पोरंसुद्धा पळतात!"

"म्हणजे पळतात," गेल म्हणाली.

क्राउस थांबला. आपण काय बोलून बसलो ते त्याला बोलल्यावर कळलं. कानापर्यंत लाल झाला, पण माघार घेणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

"हो, पळतात!" तो म्हणाला. "कारण हे काढणारा माणूस तसा आहे. मिळाला तर उद्या आणीन मी त्याला इथे. माझी खुर्ची देईन!"

गेलने पेनाचं टोपण काढलेलं होतं. पण सही तिने अजून केली नव्हती. ट्रेमेन तिच्या हाताकडे बघत होता.

अर्ल पिकेट मैदान ओलांडून आला. गुडघे दुखत असल्याने त्याला वेळ लागला. त्याने कार्ड क्राउससमोर धरलं.

"केंडरीचे डाव मघाच संपले, वेंडल," तो म्हणाला. "आज येताना मी घरातली जुनी पेटी उघडली होती."

पुठ्ठा पिवळा पडला होता. कोपरे कुरतडल्यासारखे झाले होते. अकरा गोल, चार बाण, आणि खाली ठसठशीत अक्षरांत एकच ओळ : 'पोरांना विचार करायला लावू नका, पळू द्या.'

क्राउसने ते अक्षर वाचलं. मग पुन्हा वाचलं. खालच्या तारखेवरून त्याने अंगठा फिरवला. एकोणीस वर्षं झाली होती त्या तारखेला. अक्षर त्याचं स्वतःचं होतं.

मग त्याने गेलपुढे हात केला, तिच्याकडून कागद घेतला आणि चार घड्या घालून खिशात टाकला.

"ट्रेमेन," त्याने हाक मारली. "जाळी काढ. आणि मनगटावरची ती पट्टी कुठे असेल तर तीही फेकून दे."