मखमली पोतं

राजघराण्याचं रक्त जमिनीवर सांडलं तर राज्य बुडतं, म्हणून इरावतीकाठच्या त्या राज्यात नकोशा राजपुत्रांना लाल मखमली पोत्यात शिवून नदीत सोडत. थिंखाने गादीसाठी एक काका आणि तीन सावत्र भाऊ असेच अदबीने बुडवले होते. राज्याभिषेकाच्या सकाळी सख्ख्या धाकट्या भावासाठी, न्योसाठी, पोतं आलं, तेव्हा राजमाता भर दरबारात उभी राहिली. "सोड त्याला. तो थोरल्या महाराजांचा नाहीच. माहुताचा आहे. गादीवर त्याचा कसला हक्क?" जन्मभर जपलेली अब्रू तिने एका धडधडीत थापेवर उधळली होती. "आणि मी, आई?" थिंखाने विचारलं. "तू त्यांचाच रे, बाबा. त्यांच्यासारखाच." तो प्रसन्न हसला. "बरं झालं बोललीस. एवढी चांगली मखमल उगाच भिजली असती." त्याने पोतं नीट घडी घालून ठेवायला सांगितलं आणि न्योसाठी साधी तलवार मागवली.