धाग्याखालचा जोड

"गाडीत चढायच्या आधी जोड बघायचा. डोळ्यांनी बघायचा, मग हात लावून बघायचा."

लतिकाचे वडील मुगलसरायच्या यार्डात रेल्वेचे डबे तपासायचे. भीमचंडी देवीचं दर्शन आटोपून ट्रॉलीकडे येताना तिला त्यांचा आवाज जसाच्या तसा आठवला. सकाळी वाटेत ट्रॉलीखालून दोनदा खट्ट असं वाजलं होतं.

ट्रॉली तिच्या दिरानं, रत्नाकरनं, आईसाठी मुद्दाम करवून घेतली होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून माईंना बसता येत नव्हतं, आडवंच राहावं लागे. पण श्रीराम दुखण्यातून उठला तर अधिक मासात काशीच्या पंचक्रोशीची परिक्रमा करीन, असं माई देवाला बोलून बसल्या होत्या. श्रीराम म्हणजे त्यांचा थोरला, लतिकाचा नवरा. तो उठला. म्हणून जुन्या जीपच्या मागं ही दोन चाकांची पेटी, पेटीत गादी आणि गादीवर माई. जीपला ट्रॉली अडकवणारा हूक रत्नाकरनं घरीच सळई वाकवून, वेल्डिंग करून बनवला होता. मणिकर्णिका घाटावर संकल्प सोडल्यावर पंडाजींनी जीपपाशी येऊन त्या हुकावर माईंच्या नावानं लाल धागा गुंडाळला होता, चांगला मनगटाएवढा जाड. परिक्रमा पुरी होईतो तो सोडायचा नव्हता.

लतिका वाकली. धाग्यातून तांबूस पाणी ओघळलं होतं. गंजाचं की कुंकवाचं, कळेना.

"भावोजी, धागा काढून बघायला हवं."

रत्नाकर जीपला टेकून केळं खात होता. "वहिनी, एकदम पक्कं काम आहे. हत्ती बांधा मागं."

"दोनदा वाजलं."

"माईंचा पानाचा डबा वाजला असेल."

"ऐकू येतंय हो मला सगळं," माई गादीवरून म्हणाल्या. "रत्ना, चल आता. ऊन चढलं की पाठ भाजते माझी."

लतिका हलली नाही. "साखळीसुद्धा लावली नाहीत. हूक सुटला तर ट्रॉलीला धरायला दुसरं काही नाही. पुढं वरुणा नदीकडचा उतार आहे."

"अहो, पंडाजींनी बांधलंय. साखळी कशाला?"

"ट्रॉलीला नंबर नाही, आरटीओचं पासिंग नाही. हिच्यात माणूस बसवायची परवानगी नाही. काही झालं तर विम्याचं सोडा, पोलीस आधी तुम्हाला नेतील."

"कोण विचारतंय इथं? हर हर महादेव म्हटलं की चौकीवाले हात जोडतात." मग त्याचं हसू गेलं. "आणि धागा कापायचा म्हणता? कोणासाठी बांधलाय तो, वहिनी?"

ते तिला कोणी सांगायला नको होतं. तुझं कुंकू बांधलंय गं त्या हुकाला, असं माई सकाळीच म्हणाल्या होत्या.

रत्नाकरनं केळ्याची साल फेकली, जीपमध्ये चढला आणि इंजिन चालू केलं. ट्रॉलीला हिसका बसला. खट्ट. माई गादीवर हातभर सरकल्या आणि कळवळल्या.

लतिका जीप आणि ट्रॉलीच्या मधे जाऊन उभी राहिली.

"बंद करा."

आवाज तिनं कधी चढवला नव्हता, आत्ताही चढवला नाही.

"वहिनी, बाजूला व्हा! पाय सटकला माझा तर चिरडल्या जाल तिथं."

"म्हणूनच बंद करा."

इंजिन थांबलं. तिनं उपासाच्या फळांच्या टोपलीतून सुरी काढली.

"लतिका!" माईंनी ट्रॉलीची कड धरून मान उचलली. "हात लावू नकोस. माझ्या लेकाचं आयुष्य आहे ते."

"आणि तुमचं आयुष्य, माई?"

तिनं डोळे मिटले, महादेवाचं नाव घेतलं आणि सुरी चालवली. ओलं सूत चिवट होतं, पदरापदरानं तुटत गेलं. शेवटचा पेड गळून पडला तेव्हा वेल्डिंगच्या कडेनं गेलेली चीर दिसली. हुकाच्या मानेभोवती ती जवळजवळ पुरी फिरली होती. लतिकानं नख घातलं. नख आत गेलं.

रत्नाकर खाली उतरला. त्यानंही बोट लावून पाहिलं.

"हळू नेली असती तर पुढच्या मुक्कामाला, रामेश्वरापर्यंत..." तो म्हणाला आणि थांबला. मग धर्मशाळेच्या भिंतीजवळून विटा आणून त्यानं ट्रॉलीच्या चाकांना लावल्या. आईकडे बघायचं त्याच्यानं होईना.

माईंनी तोंड फिरवलं होतं. "धागा तुटला. माझी परिक्रमा इथंच मोडली. आता सोन्याचा रथ आणलास तरी मी पुढं जायची नाही, रत्ना. घरी ने मला." त्यांनी गादीची कड मुठीत धरली. "श्रीरामाला काही झालं तर कोणाच्या तोंडाकडे बघू मी?"

लतिकानं हापशावर हात धुतले आणि येऊन गादीपाशी उभी राहिली.

"माई, संकल्प माझ्या हातावर सोडा. उरलेली मी पुरी करते. पायी."

"पायी? रामेश्वर, शिवपूर, कपिलधारा? आज उपास आहे तुझा."

"आहे."

"हट्टी आहेस."

"तुमच्याच घरात शिकले."

रत्नाकरनं गंगाजलाचा लोटा माईंच्या हाताशी धरला. त्यांनी तो धरला खरा, पण लवकर कलता करेनात. मग लोटा कलला आणि लतिकाच्या ओंजळीत पाणी पडलं.

"श्रीरामासाठी," माई म्हणाल्या.

"श्रीरामासाठी."

लतिकानं पाणी जमिनीवर सोडलं. ओल्या हातानंच पदर डोक्यावर घेतला आणि देवळं उजव्या हाताला ठेवून ती रस्त्याला लागली.