भर दुपारचं दारूकाम

वलेन्सियाच्या वसंतोत्सवात शोभेचं दारूकाम भर दुपारी होतं, कारण तिथे खरी शोभा आवाजाची. चौकात मुंगी शिरायलाही जागा नव्हती. तीस वर्षं इथली वात नेउसच्या वडिलांनी पेटवली होती. आज पहिल्यांदाच ते काम तिच्याकडे आलं होतं. वडील कठड्यापलीकडे उभे होते.

समोरच्या नगरपालिकेच्या सज्जातून हुकूम सुटला, "होऊ द्या सुरू!" तिने वात पेटवली. फटाक्यांच्या माळा कडाडत पुढे सरकल्या, चौक दणाणला आणि अचानक सगळं गप्प झालं. मधली वात विझली होती.

लोक कुजबुजू लागले. "नेउस, आत जाऊ नकोस!" तिची कामातली जोडीदारीण ओरडली, तोवर ती धुरात शिरलीही होती. विझलेलं टोक शोधून तिने पेटवलं आणि जिवाच्या आकांताने बाहेर धाव घेतली. पाठीमागे एकच कडकडाट झाला, जमीन हादरली आणि हजारो माणसं बेभान होऊन ओरडू लागली.

वडिलांनी तिला घट्ट जवळ घेतलं. "मी असतो ना, तर आत गेलो नसतो गं पोरी," तिच्या कानाशी ओरडून त्यांनी सांगितलं आणि तिचा काळवंडलेला हात गर्दीसमोर उंच धरला.