केरावरची मुलगी

"टाकलीत तुम्ही तिला?"

"हो."

"केरावर?"

"केरावर," रुम्याती म्हणाली आणि खाली बघत बसली.

तिउर सिहोम्बिंगने चहाचा पेला बाजूला सरकवला. बालकल्याणाच्या नोकरीत तिने पुष्कळ आया बघितल्या होत्या. रडणाऱ्या, शपथा घेणाऱ्या, शेजाऱ्यांचा उद्धार करणाऱ्या. ही मात्र ढिम्म! सकाळी कचेरीत एका बाईचा फोन आला होता. रुम्यातीने तान्ही मुलगी केरावर टाकली, ईदच्या आधीपासून ती तिच्या नणंदेकडे आहे, लवकर या. बाईने स्वतःचं नाव काही सांगितलं नाही.

"पण का टाकलीत?"

रुम्याती पेला उचलून आत ठेवून आली. नवरा जहाजावर, वर्षातून एकदा घरी येणारा. तिउरच्या मनात नको नको ते येऊ लागलं.

नणंद समोरच राहायची; दोघी तिकडे गेल्या. सुपार्ती तिचं नाव, स्वतःचं मूलबाळ नाही. तान्ह्या लारसला कडेवर घेऊन ती दारातच उभी होती. पोरगी गुटगुटीत, गालांना पावडर, अंगात कोरं झबलं.

"बघा मॅडम, कशी ठेवलीय! हिच्या आईला काय हो, उचललं आणि दिलं केरावर टाकून. मी होते म्हणून, नाहीतर कुत्र्यांनी..."

"वन्सं," रुम्याती हळूच म्हणाली.

"वन्सं काय वन्सं! टाकलीस की नाही? सांग ना मॅडमना."

"टाकली."

तिउरला भयंकर चीड आली. एवढं गोड लेकरू, आणि आईला त्याचं काहीच नाही! पण सुपार्तीही तिला पटेना. केरात मूल सापडलं तर माणूस आरडाओरडा करतो, चार माणसं गोळा करतो. हिने तर सरळ घरात पाळणा बांधला होता. दोघींपैकी एक खोटं बोलत होती, बहुधा दोघीही.

"ईदच्या आधीपासून मूल तुमच्याकडे आहे. कुणाला कळवलंत?"

"घरातली गोष्ट, मॅडम. कुणाला कळवायचं?"

"आईने टाकलेलं मूल ही घरातली गोष्ट नसते." तिउर सुमात्रा बेटावरच्या मेदानकडची. जावा बेटावर बदली होऊन तिला वर्षही झालं नव्हतं, आणि आडपडदा ठेवून बोलणं तिला जमत नसे. "मुलगी बालगृहात जाईल. तिच्याकडेही नाही, तुमच्याकडेही नाही. कपडे भरा तिचे."

सुपार्तीचा चेहरा खर्रकन उतरला. रुम्यातीने दाराची चौकट घट्ट धरली.

"अगं, वाचा बसली का तुझी? बोल की!" सुपार्ती तिच्यावर ओरडली. मग तिउरकडे वळली. "अहो, खरं टाकणं नव्हतंच ते! मायलेकींचा जन्मवार एक निघाला. असं झालं की एकीची पीडा दुसरीला लागते. म्हणून आईने मूल सुपात घालून दारच्या केरावर ठेवायचं आणि ओळखीतल्या बाईने उचलायचं. म्हणजे ते सापडलेलं मूल झालं, पीडा टळली. आमच्याकडे रीतच आहे. विचारा कुणालाही!"

"आणि सापडलेल्या मुलाचं पुढे काय करतात?"

सुपार्तीने लारसचं झबलं सारखं केलं. "आईला परत देतात."

"कधी?"

"त्याच दिवशी."

"मग ठरवा. खरंच टाकली असेल तर मी नेते. रीत असेल तर आत्ता, माझ्यासमोर, आईच्या हातात द्या."

सुपार्तीने लारसचे मुके घेतले. पुन्हा पुन्हा घेतले. "रीतच होती," ती रडत म्हणाली आणि मुलगी रुम्यातीकडे दिली. तिउरला तिचंही वाईट वाटलं.

रुम्यातीने मुलीला झोळीत घालून छातीशी बांधलं. जरा कुरकुर करून पोरगी झोपली.

स्कूटरपाशी आल्यावर तिउरने तिला फैलावर घेतलं. "तोंड उघडायला काय झालं होतं? गेली असती ना मुलगी!"

"सांगून झालं होतं सगळ्यांना. म्हणाले, आत्याच आहे, देईल कधीतरी."

"बरं, फोन करणाऱ्या बाईला कळवते. बिचारी हुंदके देत होती, धड बोलताही येत नव्हतं तिला." तिउरने मोबाइल काढला आणि सकाळचा नंबर शोधू लागली.

रुम्यातीने झोळीखालच्या खिशावर हात ठेवला.

"नका लावू, मॅडम. आत्ताच डोळा लागलाय तिचा. जागी होईल."