हत्तीचे दोन मिलिमीटर

येळवंडे सरांनी भिंग हाडावर धरलं आणि ते पुन्हा पुन्हा एकाच जागेवरून फिरवलं. ज्योतीरामने तेवढ्यात शेडमधला पंखा बंद केला, मग पुन्हा चालू केला.

हाड हत्तीचं होतं. हजारो वर्षं भीमेच्या गाळात पडून दगड झालेलं, आणि एकतीस वर्षांपूर्वी सरांना सापडलेलं. सध्या ते रावेतच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीत, रिकाम्या सिलिंडरशेजारी राहत होतं. त्याला नीट बसायला काहीतरी करा, नाहीतर मी ते सोसायटीच्या बागेत टाकते, असं सरांच्या पत्नीने, विजयश्रीबाईंनी, बजावलं होतं. म्हणून सरांनी भोसरीतला आपला जुना विद्यार्थी गाठला होता.

विद्यार्थ्याने स्टँड मनापासून केला होता. खाली सागवानी बैठक, वर पितळेचे तीन हात. हाडाला ओरखडा नको म्हणून हातांना आतून फेल्ट.

"ज्योतीराम, इकडे ये. हे दिसतंय तुला?"

ज्योतीरामला दिसत होतं. मंगळवारपासून दिसत होतं.

"चर आहे," सर म्हणाले. "बोटभर लांब, एका दमात मारलेला. नदीतले दगडगोटे इतकी सरळ रेघ मारत नाहीत. जनावराचा दातही नाही मारत. हे हत्यार आहे. माणसाचं." त्यांचा आवाज बारीक झाला. "त्यांनी हा हत्ती सोलला रे. आपल्या भीमेच्या काठावर. आणि मी एकतीस वर्षं ह्याच्यावरची धूळ पुसत बसलो."

"उजेड कमी पडला असंल, सर."

"उजेडाचं नाव कशाला? मास्तरच आंधळा."

सरांनी घरी फोन लावून बायकोला सगळं सांगितलं. मग चार बाजूंनी चार फोटो काढले.

ज्योतीरामच्या शेडमध्ये फिक्श्चर बनतात. गाडीचा पार्ट बरोबर आहे की नाही, हे त्यात बसवून बघतात. वीस वर्षं तिथे एकच कायदा होता: पार्ट बसला नाही तर चूक पार्टची. मंगळवारी हाड बसलं नाही. एक टेंगूळ स्टँडच्या तिसऱ्या हाताला आडवं येत होतं. ज्योतीरामने सवयीने हँड ग्राइंडर उचलला. टेंगूळ गेलं, पण चाक घसरलं आणि पुढे बोटभर चर पडला. पांढराफटक. मग त्याने दुपारच्या चहाचा चोथा त्यावर चोळला, वर थोडं ऑइल. काम चोख झालं होतं. तेव्हापासून त्याला जेवण जात नव्हतं.

"पुण्याला कॉलेजात एक बाई आहेत, त्यांना पाठवतो," सर फोनवर बोट फिरवत म्हणाले. "खाली तुझंही नाव घालू. तू स्टँडवर चढवलंस म्हणून खालची बाजू दिसली."

"माझं नाव नका घालू, सर."

"लाजतोस काय? घालणार."

"सर, तो चर माझा हाय."

पोरगं गंमत करतंय, असं सरांना आधी वाटलं. पोरगं पंचेचाळीस वर्षांचं होतं आणि त्याने मान वर केली नव्हती. मग सरांची नजर टेबलावरच्या ग्राइंडरवर गेली.

"किती घासलंस?"

"दोन एमएम. तेवढंबी नसंल."

"आणि हा काळा रंग?"

"चहा."

सरांनी भिंगाला फडकं गुंडाळलं. ते ओरडले असते तर ज्योतीरामला जरा बरं वाटलं असतं. शाळेत ते छान ओरडायचे.

"मला एक सांग. हाड घासण्यापेक्षा स्टँडचा हात का नाही वाकवलास?"

"त्याला पॉलिश झालं होतं, सर."

सरांनी मान डोलावली. ते कारण त्यांना पटलं असावं, असं बघणाऱ्याला वाटलं असतं. मग त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला आणि एकेका फोटोवर बोट दाबून चारही फोटो पुसून टाकले. चौथ्याला जरा वेळ लागला.

तेवढ्यात फोन वाजला. ऐकू कमी येतं म्हणून सर स्पीकर लावूनच बोलत.

"अहो, निघालात का?" विजयश्रीबाईंचा आवाज शेडभर झाला. "टीव्हीशेजारचा कोपरा मोकळा केलाय मी. फुलदाणी काढली तिथली. माणसाच्या हातचं काम आहे म्हणताय, मग बाल्कनीत कसं ठेवायचं ते? चाळीस हजार वर्षं म्हणालात ना? की पन्नास? शेजारच्या सुमनताई विचारतायत. त्या येऊन बसल्यात बघायला."

सरांनी फोन या हातातून त्या हातात घेतला.

"अहो, ऐकू येतंय का? एकतीस वर्षं बोलले तुम्हाला त्याच्यावरून. आता काही बोलत नाही. या लवकर."

सरांनी ज्योतीरामकडे पाहिलं. ज्योतीराम जमिनीवरचा पितळेचा कीस पायाने एका जागी गोळा करत होता.

"चाळीस," सर फोनमध्ये म्हणाले. "निघतोच."

फोन खिशात गेला. सर उठले, स्टँडपासून चार पावलं मागे सरले आणि घरच्या सोफ्यावर बसलेला माणूस बघेल तितके खाली वाकून बघू लागले. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून.

"ज्योतीराम, हा तिसरा हात जरा बाहेर घे. अर्धी खूण झाकतोय."

"पॉलिशवर वळ उठतील, सर."

"उठू देत."

ज्योतीरामने पक्कड घेतली. पितळ सहज वाकलं.