सावळापूरचा रस्ता

"आता उजवीकडे," मागच्या सीटवरून निकेशची बहीण आचल म्हणाली.

निकेशनं व्हॅन हळू केली. उजवीकडे मुरमाचा रस्ता होता, दोन्ही बाजूंना तुरीची रिकामी शेतं. "हा रस्ता वाटते का तुले?"

"नकाशात त' हेच आहे."

आचलचा मोबाइल नवा होता. मार्च २००९मध्ये नालवाडीच्या त्यांच्या गल्लीत नेट चालणारा तेवढाच एक. दोन बोटांएवढ्या पडद्यावर नकाशा तुकड्या-तुकड्यानं उघडायचा. देवळी सुटल्यापासून ती पडद्यावर डोकं घालून बसली होती.

"घे उजवीकडे," त्यांचे वडील वासुदेवराव म्हणाले.

निकेशसाठी पाहायला निघालेली ही अकरावी मुलगी. दीड वर्षात वासुदेवराव आणि प्रमिलाबाई दहा घरांचे पोहे खाऊन आले होते. प्रत्येक वेळी वासुदेवरावांचं दुकान बंद, प्रत्येक वेळी प्रमिलाबाईंचे गुडघे सुजलेले, आणि घरी परतल्यावर निकेशचं एकच उत्तर, "नाई जमत." कारण तो सांगत नसे. चल म्हटलं की मात्र निमूट निघायचा.

मागच्या वर्षी त्यानं स्वतः एका मुलीचं नाव काढलं होतं. वासुदेवरावांनी ते पुरतं ऐकूनही घेतलं नाही. त्यांच्या धाकट्या बहिणीनं आपल्या मनानं लग्न केलं होतं आणि सहा महिन्यांत ती माहेरी परत आली होती. तेव्हापासून घरात नियम झाला. मुलगी मोठ्यांनी पाहायची.

सावळापूरची ही मुलगी मध्यस्थ मोतीलालजींनी सुचवली होती. गाव आतल्या रस्त्याला, कुणीच पाहिलेलं नाही. "मोबाइलवर रस्ता दिसते," आचलनं सकाळी सांगितलं, तेव्हा वासुदेवरावांना पोरीचं कौतुकच वाटलं होतं.

आता साडेबारा वाजत आले होते. मुरमाचा रस्ता एका नाल्यापाशी येऊन दोन ठिकाणी फुटला. बाभळीखाली एक म्हातारा शेळ्या घेऊन बसला होता. निकेशनं काच खाली केली.

"बाबाजी, सावळापूर कोणीकडे?"

"सावळापूर मागं राह्यलं जी. पक्क्या रस्त्यानं सरळ जा लागत होतं."

निकेश वडिलांकडे वळला. "पलटवू का? त्याले इकडचं मालूम असन."

"आचल, काय म्हणते तुहा फोन?"

आचलनं फोन उंच धरला, खिडकीबाहेर नेला, परत आत घेतला. "डावीकडे दाखवून राह्यलं, बाबा. इकडून जवळ आहे."

वासुदेवरावांनी क्षणभर विचार केला. पाठ दुखत होती. सदरा घामानं सीटला चिकटला होता. "माणूस चुकते. मशीन नाई चुकत. डावीकडे घे."

"पाहा बाप्पा. नंतर मले बोलू नका," निकेश म्हणाला आणि त्यानं डावीकडे घेतलं.

वीस मिनिटांनी रस्ताच संपला. पंचवीसएक घरांचं गाव होतं. शेवटच्या घरापुढे कडुलिंबाची दाट सावली पाहून प्रमिलाबाई म्हणाल्या, "थांबव रे. माह्यानं आता बसवत नाई. सावळापूर असो की काही असो."

घरातून पन्नाशीचा एक शेतकरी बाहेर आला. त्यानं काही न विचारता आधी खाट टाकली, मग आत पाण्यासाठी आवाज दिला. त्याचं नाव चंद्रभान.

"सावळापूर त' तिकडे राह्यलं जी," तो म्हणाला. "पण एवढ्या उन्हात कुठं जाता? दोन घास खाऊन घ्या, मग जा."

वासुदेवरावांनी नको नको म्हटलं, पण उठायचं त्राण त्यांच्यातही नव्हतं. आतून त्याची मुलगी पाणी घेऊन आली. सुरभी. तिनं प्रमिलाबाईंना अवघडून बसलेलं पाहिलं आणि न सांगता पायाखाली पाट आणून ठेवला. थोड्या वेळानं वाटीत कोमट तेल घेऊन आली. "काकू, गुडघ्याले लावून देऊ का?"

दहा घरांत हे कुणी विचारलं नव्हतं. प्रमिलाबाईंनी पाय पुढे केले.

जेवताना बोलणं निघालं. आडनावं निघाली, मग सोयरे निघाले. चंद्रभानचा चुलत मामा वासुदेवरावांच्या आजोळचा. सुरभी वर्ध्याला बी.कॉम. झालेली, लग्नाची. प्रमिलाबाईंनी नवऱ्याला बाजूला बोलावलं. "मले आता कोणतंच घर पाहाले जायचं नाई. हीच पसंत आहे."

"अवं, पण आपण पाहाले निघालो दुसरी."

"मंग काय झालं? देवानं इथं आणलं."

वासुदेवरावांनी निकेशला हाक मारली. या वेळीही तो नाही म्हणेल, असंच त्यांना वाटत होतं. निकेशनं मान खाली घातली. "तुमी म्हणान तसं."

 दीड वर्षाचा शीण वासुदेवरावांच्या अंगातून उतरल्यासारखा झाला. मोतीलालजींना फोन करून त्यांनी सावळापूरकरांची माफी मागायला सांगितली, आणि खाटेवर येऊन चंद्रभानचे हात धरले. "आमी रस्ता चुकून आलो जी. पण चुकलो म्हणून बरं झालं."

चंद्रभानचे डोळे भरले. प्रमिलाबाईंनी पर्समधून कुंकवाची डबी काढली.

निघायच्या आधी निकेश आणि आचल हात धुवायला मागच्या मोरीवर गेले. सुरभी तांब्यानं पाणी घालत होती. ओसरीवरून वासुदेवरावांचं हसू ऐकू येत होतं, कितीतरी महिन्यांनी.

सुरभीनं एकदा मागं वळून पाहिलं आणि हळूच म्हणाली, "तुमी दोघं काका-काकूले अकरा वाजता आणतो म्हणले होते. किती खेपा रस्त्यावर येऊन पाह्यलं मी."